पिकअपच्या मागच्या सीटच्या जागी झोपायची सोय: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

वाशीच्या एपीएमसीत माल उतरायची वाट बघणारे, मंडप-साउंडचं काम मध्यरात्री आटोपून सकाळी परत त्याच साइटवर हजर होणारे, सोलर पॅनेल बसवायला वाडा-विक्रमगडकडे जाणारे, शनिवारी रात्री ठाण्यातून निघून पहाटे नाणेघाटाचा पायथा गाठणारे. डबल कॅब पिकअप असलेल्या या सगळ्यांच्या मनात एक विचार कधी ना कधी येतोच: मागचा बाक काढला तर इथे आडवं होता येईल. येतं, आणि काम नीट केलं तर झोपही चांगली लागते. ज्यांनी आजवर गाडीची सीट कधी खोललेली नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

बोलतोय ते बोलेरो कॅम्पर, व्ही-क्रॉस, हायलक्स अशा दोन रांगांच्या गाड्यांबद्दल. सिंगल कॅबला मागे सीटच नसते, तिथे झोपायची सोय हौद्यात, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागात, करावी लागते आणि ते काम पूर्ण वेगळं.

एक अट सुरुवातीलाच पक्की करा. गाडीच्या पत्र्याला नवीन भोक एकही पाडायचं नाही, आणि कंपनीची सीट केव्हाही जशीच्या तशी परत बसली पाहिजे. पुढे जे काही सुचवलंय ते याच अटीवर. ही अट पाळणाऱ्याचा बेड पुढे फसला तरी नुकसान प्लायवूड-पाइपापुरतंच होतं. जो ती मोडतो, त्याच्या फ्लोअरला दोन पावसाळ्यांत गंज लागतो आणि गाडी विकताना भाव पडतो.

आधी कायद्याचं बघू

गाडीच्या आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे बेड कायमचा ठेवून गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल, तर आधी आपल्या आरटीओत लेखी विचारा. कुणी एजंट 'काही होत नाही' म्हणाला म्हणून धीर करू नका. अपघात झाला की कागद बघितले जातात, एजंट नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेम अडवायला पुरेसा ठरू शकतो.

पिवळ्या पाटीच्या, म्हणजे धंद्याच्या गाडीला आरटीओची फिटनेस तपासणीही आहे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. त्या दिवशी सीट आणि बेल्ट जागेवर लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा बेड उभ्या गाडीतच वापरायचा. गाडी चालू असताना मागे कुणी झोपणार नाही, पाच मिनिटांच्या अंतरासाठीही नाही. आडव्या माणसाला बेल्ट धरत नाही. ब्रेक जोरात लागला की तो पुढच्या सीटच्या पाठीवर जाऊन आदळतो आणि पुढच्यालाही इजा करतो. पोरं दमली असतील तर गाडी बाजूला घ्या, झोपू द्या, मग निघा. सीट काढलेली असताना गाडी दोघांचीच, असं घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

सीट काढण्याआधी एक रात्र झोपून बघा

बहुतेक लोक थेट पाना हातात घेतात. माझा सल्ला उलटा आहे. सीट तशीच ठेवा, पुढची डावी सीट पुढे सरकवा, आणि मागच्या बाकापुढे पाय ठेवायची जी खोलगट जागा असते ती भरून काढा. एपीएमसीत फळांचे प्लास्टिक क्रेट मिळतात, त्यातले दोन-तीन उलटे ठेवा, वर प्लायचा तुकडा, वर घरातली गादी. बाकाची उंची आणि क्रेटची उंची जुळत नसेल तर चादरींच्या घड्यांनी भरा. मग सोसायटीच्या पार्किंगमध्येच एक रात्र झोपा.

त्या एका रात्रीत सगळं कळतं. आपल्या उंचीला जागा पुरते की नाही, डोकं कुठल्या बाजूला बरं, हवा लागते का, कूस बदलताना गुडघा दाराच्या हँडलला आपटतो का. महिन्यातून एखाद्या वेळीच गाडीत झोपणाऱ्यांना एवढंच पुरतं आणि सीट काढायची गरजच उरत नाही. तसं झालं तर उत्तम, इथेच थांबा. पण बाकाचा उतार पाठीला टोचतोय, छत नाकावर आल्यासारखं वाटतंय, सामान ठेवायला जागाच नाही, अशा तक्रारी असतील तर पुढे चला.

मापं

टेप घ्या, वही घ्या, आणि मापं इंचातच लिहा. ठाण्यातला फॅब्रिकेटर, सुतार, गादीवाला, तिघेही इंचात बोलतात.

पहिलं माप रुंदीचं. एका दाराच्या आतल्या पॅडपासून दुसऱ्या दाराच्या पॅडपर्यंत, दारं बंद करून. डबल कॅबमध्ये ते साधारण सव्वाचार ते पावणेपाच फूट भरतं. बेडच्या उंचीवर मोजा आणि खिडकीच्या उंचीवरही, कारण दाराचा हात टेकायचा भाग आत आलेला असतो. दुसरं माप खोलीचं, मागच्या पत्र्यापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत. तिसरं माप फ्लोअरपासून छतापर्यंत. चौथं दाराच्या उघड्या चौकटीचं, जे सगळे विसरतात. तयार फ्रेम त्या चौकटीतून आत गेली नाही तर केलेलं काम वाया.

एक उदाहरण धरून चालू. दारापासून दारापर्यंत ५४ इंच, तर बेड ५२ इंचांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना दार लागायला एकेक इंच सुटतो. खोली ३८ इंच. ५२ बाय ३८ चा कर्ण साडेचौसष्ट इंचांच्या जरा आत येतो, म्हणजे पाच फूट चार इंच. पण माणूस म्हणजे रेघ नव्हे; खांदे आणि पावलं कोपऱ्यांत बसत नाहीत, म्हणून चार-पाच इंच वजा करा. उरतात पाच फूट. एवढ्यात साडेपाच फुटी माणूस गुडघे वाकवूनच झोपणार.

यावर उपाय डाव्या बाजूला आहे. पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवून तिची पाठ पुढे झुकवली की त्या बाजूला दहाएक इंच जास्त मिळतात. तिथे बिजागरीची एक फळी जोडली तर कर्ण जवळजवळ सत्तर इंचांवर जातो. मग डोकं ड्रायव्हरच्या मागे, पाय डाव्या पुढच्या कोपऱ्याकडे, आणि साडेपाच फुटी माणूस सरळ पसरतो. सहा फुटी माणसाने ही अपेक्षा ठेवू नये.

ड्रायव्हरच्या सीटला मात्र हात लावू नका. ती गाडी चालवायच्या स्थितीतच राहिली पाहिजे. रात्री पाणी भरलं, कुणी दार ठोठावलं, दरड कोसळायची भीती वाटली, तर उठून थेट स्टीअरिंगवर बसता आलं पाहिजे.

उंचीचा हिशेब असा. ताठ बसून बुडापासून डोक्यापर्यंत स्वतःला मोजा. समजा ३४ इंच भरले. फोम तीन इंच. फ्लोअर ते छत ४६ असेल तर फळी ९ इंचांवर आली पाहिजे. बेडवर बसून कपडे बदलता यावेत, डबा खाता यावा, म्हणून हा आग्रह. सामानाच्या हव्यासापोटी फळी उंच घेणारे नंतर आडवं सरपटत आत जातात.

मापं वहीत उतरली की पुठ्ठ्याचा साचा कापा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला की देतात. साचा आत टाकून चारही दारं लावून बघा आणि जिथे अडतो तिथे कापत जा. फॅब्रिकेटरकडे जाताना वही आणि हा साचा, दोन्ही घेऊन जा. कोपऱ्यांतले बाक आणि उतार वहीत येत नाहीत, पुठ्ठ्यात येतात.

सीट काढताना

गाडी सपाटीवर, हँडब्रेक, पहिला गिअर. मागच्या सीटच्या मागे किंवा खाली बहुतेक गाड्यांत जॅक आणि पाने ठेवलेले असतात, ते आधी बाहेर काढून त्यांची नवी जागा ठरवा. बेडखाली अशा ठिकाणी, की पंक्चरच्या वेळी गादी न उचलता हाताला लागतील.

फोटो काढा. प्रत्येक बोल्टचा, वायरच्या प्रत्येक जोडाचा, बेल्टच्या प्रत्येक टोकाचा. नंतर हाच तुमचा नकाशा.

बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने काढा. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. खाडीलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना, म्हणजे ऐरोली, वाशी, बेलापूर, उरण या पट्ट्यात, हे करावंच लागतं. खारी हवा आतल्या बोल्टलाही सोडत नाही. पाना साधा वापरू नका, सहा कोनांचा सॉकेट आणि लांब दांडा घ्या. बहुतेक ठिकाणी १४ किंवा १७ नंबर लागतो. पहिला झटका सगळ्या बोल्टना देऊन सैल करा, मग एकेक काढा. आधी बसायचा भाग निघतो, मग पाठ. काही गाड्यांत पाठ मागच्या पत्र्यावरच्या हुकांना अडकवलेली असते, तिथे ती वर उचलून सोडवावी लागते. सीट दिसते त्यापेक्षा जड असते, म्हणून दुसरा माणूस हवाच. दाराच्या चौकटीवर जुनं ब्लँकेट टाका, नाहीतर रंगावर ओरखडे येतात.

सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर थांबा. पिवळा म्हणजे एअरबॅग किंवा बेल्टच्या टेन्शनरची (धडकेच्या वेळी बेल्ट झटक्यात आवळणाऱ्या यंत्रणेची) वायर. ती स्वतः सोडवू नका, मेकॅनिकला बोलवा. तोही आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबेल. नव्या गाड्यांत बेल्टच्या सूचनेची वायरही असू शकते, ती काढल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो. तिला जोड-तोड करू नका, नुसती टेप गुंडाळून बाजूला बांधा.

आता बेल्ट. बऱ्याच गाड्यांत बेल्टचं खालचं टोक आणि सीट एकाच भागात, कधी एकाच बोल्टवर असतात. सीट निघाल्यावर बेल्टचे बोल्ट पुन्हा त्यांच्याच भोकात बसवून टाका, बेल्ट गुंडाळून वर बांधा. भोक उघडं राहिलं तर खालून पाणी, धूळ आणि धूर आत येतो. इथे एक बारकावा आहे. बेल्टचे बोल्ट बहुधा ७/१६ इंची असतात, बारीक आट्यांचे, इंचाला २० आटे. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात त्याच्या शेजारी दिसणारा १२ चा किंवा १० चा मिलिमीटर बोल्ट दिसायला सारखाच वाटतो, एखादा आटा धरतोही, आणि मग जोर लावला की आतले आटे मरतात. बेल्ट ज्या भोकावर माणसाचा जीव धरतो ते भोक कायमचं जातं. म्हणून मूळ बोल्ट हरवू देऊ नका. प्रत्येक बोल्ट-वायसर वेगळ्या पाकिटात घाला, पाकिटावर जागा लिहा आणि सगळी पाकिटं सीटलाच बांधून ठेवा.

सीट ठेवायची कुठे, हा फ्लॅटमधला खरा प्रश्न. पार्किंगमध्ये उघडी टाकली तर उंदीर फोम कुरतडतात. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली तर पावसाळ्यात बुरशी. जुन्या सुती चादरीत गुंडाळून, माळ्यावर किंवा बाल्कनीच्या कोरड्या कोपऱ्यात उभी ठेवा.

फ्रेम

फ्रेमसाठी २५ बाय २५ मिलिमीटरचा एमएस (साध्या लोखंडाचा) स्क्वेअर पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा. यापेक्षा जाड घ्यायची गरज नाही, पातळ घेतला तर वेल्डिंगला जळतो. पाइप २० फुटी लांबीत मिळतो. वरच्या उदाहरणाच्या मापाला साधारण ४७ फूट लागतो, म्हणजे तीन पाइप आणि तुकडे उरतात. कळंबोलीचा लोखंड बाजार घाऊकचा आहे, तीन पाइपांसाठी तिकडे जाऊ नका. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडेच माल असतो आणि तोच कापून देतो.

फ्रेम एकसंध नको. मागचा भाग ५२ बाय २०, सीट जिथे बसायची त्या उंच भागावर. पुढचे दोन भाग, प्रत्येकी २६ बाय १८, पायांच्या खोलगट जागेत स्वतःच्या पायांवर उभे. डावीकडच्या भागाला ती दहा इंची बिजागरीची फळी. मागचा भाग सीटच्याच भोकांवर, सीटच्याच बोल्टनी बसतो. त्यासाठी फ्रेमला ५ मिलिमीटर जाड पट्टीचे कान वेल्ड करून घ्या आणि भोकं पुठ्ठ्याच्या साच्यावरून पाडा. पुढचे भाग मागच्याला नट-बोल्टनी जोडा. विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचा दोन कानांचा नट, वापरला तर पाना लागत नाही. मागचा भाग गाडीला पक्का आणि पुढचे भाग त्याला पक्के, म्हणजे ब्रेकच्या वेळी काही सरकत नाही. नुसता ठेवलेला बेड घाटात उतारावर ड्रायव्हरच्या पाठीत येतो.

आडव्या पट्ट्या दर १२-१४ इंचांवर. पायांखाली रबरी बूट, म्हणजे कार्पेट फाटत नाही आणि खडखड होत नाही. कार्पेटखालून वायरिंग जातं, तेव्हा पाय टेकेल तिथे आधी हात दाबून बघा. खाली गोल दोरीसारखं काही लागलं तर पाय दोन इंच सरकवा.

वेल्डिंग गाडीच्या आत करू देऊ नका. फॅब्रिकेटर म्हणेल, 'दोन टाके मारायचेत फक्त, आतच मारतो.' नाही म्हणा. ठिणगी कार्पेटवर किंवा छताच्या कापडावर पडते, आणि करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून फिरला तर त्याचा खर्च बेडच्या कितीतरी पट. मार्किंग आत, वेल्डिंग बाहेर. झालं की ग्राइंडरने कडा साफ, रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. पाइपची उघडी तोंडं प्लास्टिकच्या कॅपने बंद करा, पाणी आत शिरून पाइप आतून सडतो.

वर १२ मिलिमीटर प्लाय. साधा एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा) आपल्या हवेत टिकत नाही. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) किंवा खर्चाची तयारी असेल तर आयएस ७१० चा मरीन घ्या. शिक्का शीटवर छापलेला असतो, तो बघून घ्या. आठ बाय चारची एक शीट पुरते, उरलेल्यातून बेडखालच्या खणांच्या फळ्या निघतात. १८ मिलिमीटरचा मोह नको, वजन दीडपट होतं आणि पट्ट्या जवळ असतील तर १२ जराही वाकत नाही. पाइप आणि प्लाय मिळून साधारण २७-२८ किलो भरतात, दोन माणसांना सहज काढता-घालता येतात. प्लायला होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या, दर सहा-आठ इंचांवर. झोपलेल्या माणसाची वाफ खाली उतरते आणि प्लाय-गादीच्या मधे ओल धरते. भोकं नसतील तर श्रावणापर्यंत काळे ठिपके आलेच समजा. कडा पॉलिश पेपरने गोल करा आणि भोकांच्या आतूनही वॉर्निश मारा.

गादी

कापसाची गादी घरात चांगली, गाडीत नाही. ओल धरते आणि गाडीत तिला ऊन दाखवायला वेळ मिळत नाही. ४० डेन्सिटीचा तीन इंची फोम घ्या. मऊ फोम दुकानात हाताने दाबून छान वाटतो आणि चार महिन्यांत त्याची चपाती होते. गादीवाल्याकडून तीन तुकडे करून घ्या, फ्रेमच्या भागांच्या मापाचे, म्हणजे एक उचलून खालचं सामान काढता येतं. साचा त्यालाही द्या. खोळ सुती, चेन लावलेली, धुता येणारी. रेक्झिन फक्त खालच्या बाजूला. वरून रेक्झिन लावलं तर मे महिन्यात रात्री दोनला अंगाखाली घामाचं तळं होतं. फोम आणि कापडाला जास्त पर्याय हवे असतील तर उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराकडे एक चक्कर मारा.

हवा, डास, आणि जिवाशी खेळ

या भागावर घाई करू नका. बेड वाकडा झाला तर पाठ दुखते, हवेत चूक झाली तर माणूस सकाळी उठत नाही.

इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. उभ्या गाडीत तो फ्लोअरच्या फटीतून, दाराच्या रबरातून आत येतो, झोपलेल्याला गुंगी येते आणि जाग येतच नाही. गाडी भिंतीला लागून असेल, सायलेन्सरचं तोंड पाण्यात किंवा गवतात असेल तर धोका आणखी वाढतो. बाजूला दुसरा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असेल तरी जागा बदला. ट्रक टर्मिनलमध्ये हे रोज घडतं.

मच्छर अगरबत्ती कॅबिनमध्ये पेटवायची नाही. तिचा धूर बंद जागेत साठतो, आणि निखारा फोमवर पडला तर कॅबिन पेटायला वेळ लागत नाही. गॅसचा छोटा स्टोव्हही आत नको, चहा बाहेरच.

मग डासांचं काय? जाळी. पडदेवाल्याकडे मच्छरदाणीची जाळी मीटरवर मिळते. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला उशीच्या अभ्र्यासारखी खोळ शिवून घ्या. दार उघडा, वरून चढवा, दार लावा. आता काच कितीही खाली करा. समोरासमोरच्या दोन काचा निदान दोन इंच उघड्या ठेवल्या की हवा आरपार खेळते. दारांवर रेन व्हायझर (काचेवरच्या प्लास्टिकच्या पागोळ्या) असतील तर पावसातही फट ठेवता येते.

पंख्यासाठी गाडीच्या बॅटरीला हात लावायची गरज नाही. ५ वॉटचा यूएसबी पंखा २०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर रात्रभर चालतो. हवा तोंडावर सोडू नका, छताकडून उघड्या काचेकडे सोडा, म्हणजे गरम हवा बाहेर जाते.

पडदे काढता-घालता येणारे, पार्क केल्यावरच लावायचे. काचेवर काळी फिल्म चिकटवू नका. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्यासाठी अडवलं जातं.

मागच्या दारांचा चाइल्ड लॉक तपासा. दाराच्या कडेला, कुलपाशेजारी छोटी कळ असते. ती चालू असेल तर मागचं दार आतून उघडत नाही. घरात लहान मुलं असणाऱ्यांच्या गाडीत ती हमखास चालू असते. झोपायच्या आधी बंद करा, आणि आतून दोन्ही दारं एकदा उघडून खात्री करा. किल्ली नेहमी एकाच जागी, डोक्याशी. एक किलोचा ड्राय पावडर अग्निशामक ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला ठेवा, बेडखाली पुरू नका.

गाडी कुठे लावायची

एक्सप्रेस-वेच्या कडेच्या पट्टीवर कधीच नाही. मागून येणारा कंटेनर झोपेत असू शकतो. पुण्याच्या बाजूला खालापूरचे फूड मॉल, नाशिकच्या बाजूला महामार्गावरचे दिवे असलेले ढाबे बरे. ढाबेवाल्याला सांगा, काहीतरी खा, मग झोपा. नवी मुंबईत पैसे भरून लावायचं पार्किंग परवडतं, कारण तिथे रात्रभर माणसांची वर्दळ असते. पावसाळ्यात माळशेजसारख्या घाटात डोंगराच्या कुशीला किंवा जुन्या झाडाखाली गाडी लावून झोपू नका, खाली टोकावड्याच्या बाजूला वस्तीत थांबा. जागा थोडी उताराची असेल तर डोकं चढाकडे येईल अशी गाडी फिरवा.

देखभाल, आणि सीट परत बसवताना

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवीन फ्रेम बसते तसे ते थोडे सैल होतात. जून ते सप्टेंबर गादी आठवड्यातून एकदा उभी करा, दारं उघडून अर्धा तास वारं खेळू द्या. बेडखाली ओले कपडे, ओले बूट कोंबू नका, त्यासाठी हौद्यात झाकणाचा डबा ठेवा.

सीट परत बसवताना आधी भोकांतली धूळ ब्रशने साफ करा. प्रत्येक बोल्ट सुरुवातीला हातानेच फिरवा, निदान चार आटे सहज गेले पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा सरळ लावा, पान्याने रेटू नका. सगळे बोल्ट हाताने लागल्यावरच आवळायला घ्या, आणि शेवटचा जोर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. टॉर्क रेंच घरी नसतो, तेव्हा कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये गाडी नेऊन तेवढंच करून घ्या. नंतर प्रत्येक बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, पिळलेला नाही ना बघा, बकल लावून झटका द्या. मागच्या सीटवर माणूस त्यानंतरच बसवा.